आधी पाय बघा, मग हात : जेंबे बघून शिकणाऱ्यांसाठी

नवा जेंबे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला हातांनी वाजवायचा ढोल, घरी आला की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच गोष्ट करतात. यूट्यूबवर गिनी किंवा मालीच्या एखाद्या मोठ्या वादकाचा सोलो लावायचा, तो पुन्हा पुन्हा मागे न्यायचा आणि त्याचे हात पकडायला बघायचं. सहा महिन्यांत चार-पाच वेगवान तुकडे हातात बसतात. पण तिघाचौघांबरोबर बसून एकच ताल पाच मिनिटं सलग वाजवायची वेळ आली की सगळं विस्कटतं. मी याच वाटेने गेले. त्यातलं बरंचसं नंतर उसवून पुन्हा शिवावं लागलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बघून शिकण्यात काहीच कमीपणा नाही. पश्चिम आफ्रिकेतली मूळ रीत तीच आहे. फक्त तिकडची मुलं बघतात ते वेगळं आणि आपण बघतो ते वेगळं. नजर कुठे ठेवायची, कोणत्या क्रमाने, आणि कधी हलवायची, एवढं कळलं तर घरी बसूनही बरंच शिकता येतं.

(उच्चार ‘जेंबे’. इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला ‘डी’ मुका आहे.)

तिकडे मूल कसं शिकतं

जेंबेचं घर म्हणजे गिनीचा ईशान्य भाग आणि मालीचा दक्षिण भाग, नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यातला मालिंके आणि बामाना लोकांचा मुलूख. नायजरला तिथे जोलिबा म्हणतात. जेंबे कोरायचं काम परंपरेने लोहारांचं, म्हणजे नुमूंचं. वाजवणाऱ्याला म्हणतात जेंबेफोला, जेंबेला बोलतं करणारा. कोरा (तंतुवाद्य) किंवा बालाफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) ही वाद्यं गवय्या घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आली, पण जेंबेला तशी अट नाही. ज्याच्या हाताला येईल त्याने वाजवावा.

गावात शिकवणीचा वर्ग नसतो. लग्न, बारसं, सुंता, कापणी अशा प्रसंगांना वाद्यं बाहेर निघतात. बायका तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून रिंगणात नाचतात. म्हणजे त्या मुलाला ताल पहिल्यांदा भेटतो तो आईच्या पावलांतून. हात दिसायच्या कितीतरी आधी. मग पत्र्याच्या डब्यांवर वाजवण्याचं वय येतं. मग मोठ्यांची वाद्यं उचलून नेणं, शेकोटीपाशी कातडं तापवून ताणून घेणं (आपल्याकडे हलगी शेकतात तसंच). मग कधीतरी रात्री उशिरा कोणी दमला, की त्याच्या जागी सर्वांत लहान ढोल वाजवायला मिळतो. तिथे टिकलास तर पुढचा. सोलो सगळ्यांत शेवटी, आणि तोही मोठ्यांनी हाताने खूण केली तर.

आज जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं ते दोघेही याच मातीतले. फामुदू कोनाते १९४० मध्ये कुरुसाजवळच्या सांगबाराला गावी जन्मले. ममादी केता १९५० मध्ये बालांदुगूला. गिनी १९५८ मध्ये स्वतंत्र झाला आणि अहमद सेकू तुरे यांच्या सरकारने गावोगावचे वादक-नर्तक निवडून राष्ट्रीय नृत्यसंच उभे केले. कोनाते ‘ले बॅले आफ्रिकें’ या संचाचे मुख्य सोलोवादक झाले. केता चौदाव्या वर्षी ‘बॅले जोलिबा’साठी निवडले गेले आणि पुढे ब्रुसेल्सहून त्यांनी जगभर शिष्य घडवले. २०२१ मध्ये ते गेले. या संचांनी गावचं संगीत रंगमंचावर आणलं आणि ते आणताना बदललंही. व्हिडिओ निवडताना हा फरक फार उपयोगी पडतो, त्याकडे पुढे येतेच.

रिंगणात कोण काय करतं

सुरुवातीला एवढी माणसं ओळखायला शिका. तीन आडवे ढोल असतात, दोन्ही बाजूंना गाईचं कातडं, काठीने वाजणारे. त्यांना मिळून डुनुन म्हणतात. सर्वांत लहान केनकेनी, मधला सांगबान, मोठा डुनुन्बा. गिनीच्या हामाना भागात प्रत्येक ढोलाला एक स्वतंत्र वादक असतो. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने ढोलावर बांधलेली लोखंडी घंटी. रंगमंचावर मात्र तिन्ही ढोल उभे करून एकच माणूस वाजवताना दिसतो. त्यांच्याबरोबर एक किंवा दोन जेंबे साथीला, आणि एक जेंबे सोलोला. मालीची राजधानी बामाको, तिच्या रस्त्यांवर रविवारी लग्नं असतात, तिथे संच आणखी आटोपशीर असतो. एक सोलोचा जेंबे, एक साथीचा, एक ढोल. नाचणाऱ्या बायका वादकांच्या हातात नोटा देतात, आणि दौलतजादा माहीत असणाऱ्या मराठी माणसाला ते वेगळं समजवावं लागत नाही.

ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना एक सोय आहे. ताशाने इशारा द्यायचा आणि ढोलांनी हात बदलायचा, हे अंगात मुरलेलं असतं. सोलोचा जेंबेही असाच इशारा देतो. दोन्ही हात किंचित मागेपुढे पडून एक ठळक थाप, मग टोनची (गोल आवाजाच्या खुल्या थापेची) ठरलेली ओळ. सुरू करायला, बदलायला आणि थांबायला हाच इशारा. तो ऐकू आला की बाकी सगळ्यांना कुठे यायचं ते कळतं.

पहिली पायरी : पाय

पहिले आठ-दहा दिवस जेंबेला हात लावू नका. असा व्हिडिओ निवडा ज्यात नाचणारे डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. वादकांकडे पाहायचंच नाही. फक्त पाय जमिनीला कधी टेकतो ते बघायचं आणि उभं राहून, जागच्या जागी, तसंच पाऊल टाकायचं. उजवं, डावं, उजवं, डावं. हात लोंबते सोडा, खांदे सैल. पाच मिनिटं न चुकता झालं की डोळे मिटा आणि नुसत्या आवाजावर पाऊल चालू ठेवा. पुन्हा डोळे उघडून पडताळा. तुमचं पाऊल आणि त्यांचं पाऊल एकत्र पडतंय का?

हे बालिश वाटेल. पण या संगीतात तबल्यासारखी टाळी-खाली नाही आणि समेवर येण्याची जाहीर खूणही नाही. चौघे वादक चार वेगळ्या जागी ठोके देत असतात, आणि त्या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट बऱ्याचदा कोणीच वाजवत नाही. ती नाचणाऱ्याच्या टाचेखाली असते. ती हुकली की सगळं पाठ होऊनही सगळं चुकतं.

माझ्या बाबतीत झालं ते असं. साथीची एक ओळ मी व्हिडिओवरून पाठ केली होती. दोन टोन लागोपाठ, मग एक स्लॅप (कडक, उंच आवाजाची थाप), जरा थांबून आणखी एक स्लॅप, आणि पुन्हा तेच. दोन टोन ठसठशीत ऐकू यायचे, म्हणून मला वाटलं सुरुवात तिथूनच आहे. दोन महिने रोज अर्धा तास मी तशीच वाजवली. मग गोव्यात एका कार्यशाळेत गिनीहून आलेल्या शिक्षकांसमोर बसले. ते काही बोलले नाहीत. माझ्या मांडीवर हात ठेवला, माझा पाय थांबवला, आणि अर्ध्या पावलाने सरकवून पुन्हा चालू केला. हात तेच, थापा त्याच, पण खाली पाऊल दुसऱ्या जागी. माझे हात तत्क्षणी अडखळले. तेव्हा कळलं की मी ताल शिकलेच नव्हते, नुसत्या थापांची रांग शिकले होते.

दुसरी पायरी : सांगबान

पाऊल बसलं की नजर आणि कान मधल्या ढोलाकडे वळवा. जेंबेकडे अजूनही नाही. बहुतेक मालिंके तालांची ओळख सांगबानवरून पटते. जेंबेच्या साथी अनेक तालांत सारख्याच असतात, त्यामुळे नुसत्या जेंबेवरून कोणता ताल चाललाय हे सांगणं कठीण जातं. सांगबान ऐकला की जाणकार लगेच नाव घेतो. केनकेनी ठाम, न बदलणारी. डुनुन्बा खालून उत्तर देतो आणि रंग चढला की बदलतो. सांगबान मधे राहून चाल सांगतो.

बघताना दोन गोष्टी टिपा. काठी कातड्यावर पडून उडते की दाबून ठेवली जाते? उडाली तर खुला आवाज, दाबली तर बंद. या दोहोंच्या अदलाबदलीतूनच सांगबानची चाल बनते. दुसरं, ही चाल किती पावलांनी पुन्हा पहिल्यापासून येते? काही तालांत दोन पावलांत फेरा पूर्ण होतो, काहींत आठ. मोजून वहीत लिहा. मग ती चाल तोंडाने म्हणा, पाऊल चालू ठेवून. कुठले बोल वापरायचे हा प्रश्न नाही. ‘डुन’ आणि ‘डक’ एवढ्यावर भागतं. पोळ्या लाटताना, स्कूटरवर सिग्नलला थांबलात की, कुठेही. ताल अंगात उतरला की नाही याची खूण अशी, की तुम्ही सांगबान म्हणत असताना कोणी काही विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलंत, तरी पाऊल हललं नाही.

तिसरी पायरी : तीन थापा ओळखणं

आता हात. जेंबेवर मुख्य थापा तीनच. बास पानाच्या (ताणलेल्या कातड्याच्या) मधोमध, पूर्ण तळहाताने, आणि हात लगेच उसळून वर. टोनला हात कडेवर येतो. बोटांच्या मुळाशी असलेला गादीसारखा भाग काठावर आणि जुळवलेली बोटं सपाट पानावर. आवाज गोल, लांबणारा. स्लॅप जवळजवळ त्याच जागी, पण बोटं सैल, किंचित विलग आणि टोकं चाबकासारखी पडतात. आवाज कडक, उंच. अंगठा तिन्हीत बाहेर ठेवायचा, नाहीतर काठावर आदळून सुजतो. अंगठ्या काढून ठेवा.

बघून ओळखताना अडचण अशी की बास लांबूनही दिसतो, कारण हात आत जातो. टोन आणि स्लॅप मात्र कसलेल्या वादकाच्या हातात डोळ्यांना सारखेच दिसतात. तिथे डोळ्यांवर विसंबू नका, कानाने ठरवा. डोळ्यांनी बघायची गोष्ट वेगळीच आहे. त्याचा कोपर बघा, खांदा बघा. चांगला वादक तासभर वाजवतो तरी खांदा खालीच असतो. आपण स्लॅप जोरात काढायला जातो तेव्हा खांदा कानापर्यंत येतो, आणि तिथूनच दुखणं सुरू होतं. स्लॅप यायला महिने लागतात. तोवर टोन नितळ करा. माझ्या मते स्वच्छ टोन हीच खरी कसोटी आहे, कारण स्लॅपमागे सगळेच धावतात आणि टोन कच्चा राहिला की साथ चिखलासारखी ऐकू येते.

चौथी पायरी : साथीची एक ओळ, अगदी सावकाश

वर सांगितलेली तीच साथ आता नीट मांडते. अनेक तालांत ती चालते, म्हणून पहिली शिकायला ही बरी. आठ छोट्या मात्रा धरा. पाऊल पडतं १ वर आणि ५ वर. स्लॅप १ वर आणि ४ वर. टोन ७ आणि ८ वर. बाकी जागा रिकाम्या.

हात न थांबता आळीपाळीने चालतात असं समजा, म्हणजे १ उजवा, २ डावा, ३ उजवा, असं. रिकाम्या मात्रांवर हात हवेतच राहतो, पण त्याची पाळी जाते. त्यामुळे १ चा स्लॅप उजव्याने, ४ चा डाव्याने, ७ चा टोन उजव्याने, ८ चा डाव्याने. नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी यांनी अमेरिकेत शिकवताना रूढ केलेले बोल इथे कामाला येतात. बास ‘गुन-दुन’, टोन ‘गो-दो’, स्लॅप ‘पा-टा’, जोडीतला पहिला उजव्याचा आणि दुसरा डाव्याचा. मालिंके वादक हेच बोल वापरत नाहीत, त्यांची म्हणायची पद्धत आपापली असते, पण शिकणाऱ्याला हे सोपे आहेत. आपली साथ होते :

पा – – टा – – गो दो

आता उभे राहा. उजवं पाऊल ‘पा’ वर टाका. डावं पाऊल पाचव्या मात्रेवर, म्हणजे ‘टा’ नंतर लगेचच्या रिकाम्या जागेत. तिथे हात काहीच वाजवत नाही. पाय एकटाच पडतो. ही जागा नीट अनुभवा. ‘टा’ पावलाच्या जरासा आधी येतो आणि पाऊल त्याच्या मागून खाली उतरतं, त्यामुळे अंग आपोआप पुढे झुकतं. ‘गो दो’ हे पुढच्या ‘पा’कडे नेणाऱ्या दोन पायऱ्या आहेत, सुरुवात नव्हे. दिवसभर ‘गो दो पा’ असं जोडून ऐकू येईल, येऊ द्या. पाऊल ‘पा’ वर राहिलं पाहिजे, एवढंच.

आधी तोंडाने आणि पायाने. मग मांडीवर हातांनी. मग वाद्यावर. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. तिथेच टिकायचं. वीस मिनिटं सलग, वेग न वाढवता वाजवून बघा. आपोआप वेग वाढत गेला तर घड्याळाकडे बघून मान्य करा आणि पुन्हा पहिल्यापासून. साथीच्या वादकाचं सगळं मोठेपण या न ढळण्यात असतं. सोलोवाला हवं तिथे जाऊन येतो, कारण परत यायला जागा आहे हे त्याला ठाऊक असतं.

हे पक्कं झालं की पुन्हा तो व्हिडिओ लावा आणि आता प्रथमच साथीच्या जेंबेचे हात बघा. तुम्हाला ते वेगळे दिसतील, कारण कशासाठी काय पडतंय हे आता पायाला माहीत आहे.

तीन-तीनचे ताल

काही तालांत प्रत्येक पावलाचे चार नव्हे, तीन भाग होतात. सोली (सुंतेच्या विधीशी जोडलेला) तसाच, मेंदियानी तसाच. दादरा कानात असलेल्याला वाटतं की हे सोपं आहे. दोन ठिकाणी ठेच लागते. एक, हात आळीपाळीने चालवले की एक पाऊल उजव्या हातावर आणि पुढचं डाव्या हातावर येतं. उजवा हात म्हणजे पहिली मात्रा ही सवय इथे मोडावी लागते. यासाठी दोन्ही हातांनी अगदी हळू नुसते टोन काढत पाऊल टाकण्याचा सराव करा, पंधरा दिवस तरी.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ते तीन भाग समान नसतात. राइनर पोलाक या जर्मन संगीत-अभ्यासकाने बामाकोच्या वादकांच्या थापांमधली अंतरं मोजून दाखवलं आहे की एका ठोक्याचे भाग लहान-मोठे असतात, आणि ते चुकून नव्हे. वादक तीच असमानता वेगातही राखतात. ऐकताना ती झोक्यासारखी जाणवते. कागदावर लिहिलेले नोटेशन किंवा मोबाइलवरचा मेट्रोनोम तीन समान भाग करतो, आणि म्हणून नोटेशनवरून शिकलेला सोली बरोबर असूनही निर्जीव लागतो. यावर एकच उपाय मला लागू पडला. नोटेशन फक्त विसरू नये म्हणून जवळ ठेवायचं आणि झोका रेकॉर्डिंगमधूनच उचलायचा, त्याच्या बरोबरीने वाजवून, शंभर वेळा. व्हिडिओ हळू करायचा असेल तर पाऊण वेगापर्यंत करा. त्याच्या खाली गेलात की झोका कानाला लागत नाही, नुसते सुटे ठोके ऐकू येतात.

कोणते व्हिडिओ, कोणते ताल

आता गाव आणि रंगमंच. रंगमंचावरच्या संचात सगळे जेंबे एकत्र तुकडे वाजवतात, अचानक थांबतात, पुन्हा उसळतात. ते डोळे दिपवणारं आहे आणि मला मनापासून आवडतं. पण तिथे दहा मिनिटांत पाच ताल बदलतात आणि वेग सतत चढा. गावातल्या किंवा रस्त्यावरच्या कार्यक्रमात एकच ताल अर्धा-अर्धा तास चालतो. कॅमेरा हलतो, आवाज फाटतो, मधून कोणीतरी समोर येऊन उभं राहतं. शिकायला हाच व्हिडिओ घ्या. रंगमंचाचा बघून आनंद घ्या.

सुरुवातीला कुकू घ्यावा. गिनीच्या जंगलपट्टीतल्या बेला भागाचा, मूळचा मासेमारीहून परतणाऱ्या बायकांचा नाच. लय मोकळी आणि पाऊल स्पष्ट. मग कासा, कापणीचा ताल. गावापासून लांब शेतात कापणी चालते आणि वादक कापणाऱ्यांना बळ द्यायला वाजवत राहतात. भलरी म्हणताना विळे एका लयीत चालतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कासा लगेच आपलासा वाटेल. त्यानंतर यांकादी आणि माक्रू ही सुसू लोकांची किनारपट्टीवरची जोडी. यांकादी संथ, माक्रू वेगवान, मुलं-मुली समोरासमोर रांगा करून नाचतात, आणि शिट्टी वाजली की एकातून दुसऱ्यात जातात. शिट्टीच्या त्या क्षणी कोणाचं वाजवणं बदललं आणि कोणाचं तसंच राहिलं, हे पुन्हा पुन्हा थांबवून बघा. एवढ्या एका जागेतून महिनाभर शिकता येईल.

डुनुन्बा नावाचं तालांचं अख्खं कुटुंब आहे, मोठ्या ढोलाच्याच नावाचं. हामानातला बलवान पुरुषांचा नाच. सांगबानच्या चाली लांब, पाऊल लपलेलं. पहिली दोन वर्षं फक्त ऐका.

सोलोकडे शेवटी

सोलोवादक मनाला येईल ते वाजवतो असं लांबून वाटतं. जवळून बघा. त्याची नजर आपल्या हातांवर कधीच नसते. रिंगणात उतरलेल्या नर्तिकेच्या पायांवर असते. ती पाऊल मोडते तसं तो थापा मोडतो, तिने उडी घेतली तर जमिनीला टेकण्याच्या क्षणी स्लॅप पडतो. ती थकत आली, किंवा संपवायचं असेल, तर तो एकसारखा चढत जाणारा भरणा सुरू करतो. फ्रेंचमधून आलेला त्याचा शब्द आहे ‘एशोफमां’, म्हणजे तापवणं. सगळे ढोल त्यावर चेव घेतात आणि मग इशाऱ्याची ओळ येऊन तुकडा मिटतो.

म्हणून सोलो शिकायचा असेल तर पडद्याचा अर्धा भाग झाकून बघा. आधी वादक झाका आणि नर्तिकेचे पाय बघत अंदाज बांधा की आता तो काय वाजवेल. मग नर्तिका झाका आणि त्याचं वाजवणं ऐकून तिचं पाऊल डोळ्यांसमोर आणा. मी हा खेळ अजूनही खेळते. सुटे तुकडे पाठ करण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त हाती लागतं, कारण तुकडा का वाजला हे कळतं.

पूर्वी बायका जेंबे वाजवत नसत. त्या गात, नाचत, टाळ्या धरत. आज गिनीतही स्त्रियांचे वादकसंच आहेत, त्यामुळे मुलींनी मागे राहायचं काही कारण नाही. माझं तर म्हणणं आहे की ज्या मुली लेझीम किंवा फुगडी खेळून मोठ्या झाल्या त्यांना पाऊल आधीच येतं. निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

समोर वादक बसलेला असेल तेव्हा

कार्यशाळेत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर कसलेला वादक भेटला तर आपलं येतं ते दाखवायची घाई करू नका. त्याच्या समोर बसू नका, शेजारी बसा, म्हणजे उजवा-डावा उलटा दिसत नाही. तो वाजवत असताना हात मांडीवर ठेवून पाऊल धरा. रेकॉर्ड करण्याआधी विचारा. ताल कोणत्या लोकांचा, कोणत्या प्रसंगाचा, हे विचारून लिहून ठेवा आणि पुढे कोणाला शिकवाल तेव्हा ते नाव सांगा. साथ द्यायला बसवलं तर साथच द्या. अर्ध्यात स्वतःचा तुकडा घुसवला की बाकी सगळ्यांचा आधार जातो.

वाद्याचं थोडं. जेंबे एकसंध खोडातून कोरलेला असावा, वर बकरीचं कातडं, दोरीने ताणलेला. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कातडं दमट हवेने उतरतं आणि स्लॅप बसका येतो. कोरड्या जागी ठेवा, वाजवण्याआधी थोडा वेळ उन्हात धरा, पण उभ्या गाडीत उन्हात कधीच सोडू नका. तापलेलं पान ताणाने फाटतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सराव मांडीवर आणि उशीवर करा. आवाजाचा सराव आठवड्यातून दोनदा, नदीकाठी किंवा पथकांचा सराव चालतो तशा मोकळ्या मैदानावर.

आणि शक्य असेल तर दोन सोबती शोधा. एकाच्या हातात केनकेनीच्या जागी एखादा छोटा ढोल, एकाच्या हातात सांगबानची चाल, तुमच्याकडे ‘पा – – टा – – गो दो’. वीस मिनिटं झाली की जागा बदला. तिन्ही जागा तिघांना आल्या की एकाने वाद्य खाली ठेवायचं, मधे यायचं आणि नाचायचं. उरलेल्या दोघांनी आपल्या हातांऐवजी त्याच्या पायांकडे बघत वाजवायचं.